चाचांच्या पट्टीतली वांगी

पंचगंगेचं पाणी ओसरलं की काठाची मळई उघडी पडायची. काळीभोर गाळाची जमीन, पाय टाकला तर घोट्यापर्यंत आत जायचा. ती कुणा एकाची नव्हती. दरवर्षी दरबारचा एक कारकून दोरी घेऊन यायचा, मळईच्या पट्ट्या आखायचा आणि ज्यांच्याकडं शेत नाही अशा घरांना एकेक पट्टी उन्हाळ्यापुरती लावून द्यायचा. पावसाळ्यात नदी फुगली की पट्टी परत नदीची. महाराजांना गादीवर बसून फार वर्षं झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मी अकरा वर्षांची होते.

आमचे वडील व्यापाऱ्यांची गुळाची गाडी हाकायचे. एकदा बाहेर पडले की चार-चार दिवस घरी नसत. आईच्या मांडीवर धाकटा भाऊ, जेमतेम पाच महिन्यांचा. त्यामुळं त्या वर्षी पट्टी माझ्या अंगावर पडली. मला त्यातलं काही येत नव्हतं. पहिल्यांदा लावलेली वांग्याची रोपं दोन दिवसांत माना टाकून आडवी झाली, तेव्हा मी बांधावर बसून मोठ्यांदा रडले.

शेजारच्या पट्टीत चाचा खुरपत होते. बागवान माणूस, बापाआज्यापासून भाजीचाच धंदा. अंगानं किडकिडीत, बोलणं हळू. त्यांची बायको, आमची चाची, त्यांच्या अगदी उलट. ती बोलायला लागली की पलीकडच्या काठावरचे धोबी हात थांबवून ऐकायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं.

चाचा उठून आले. माझी मेलेली रोपं त्यांनी हातात घेऊन बघितली.

"उन्हाच्या टायमाला लावलीस?"

"व्हय."

"आणि धरलंस कुठं? देठाला?"

मी मान हलवली. त्यांनी आपल्या वाफ्यातलं एक रोप खुरप्यानं मुळाच्या मातीसकट उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

"रोप पानाला धरायचं बेटी, देठाला न्हाय. पान तुटलं तर दुसरं येतंय. देठ दाबला की संपलं. आणि लावायचं ते ऊन उतरल्यावर. रातभर थंडाव्यात त्येला जीव धरू दे, मग सकाळच्याला ऊन सोसतंय."

त्या दिवशी ऊन कलल्यावर त्यांनी आपली पन्नासभर रोपं मला दिली आणि शेजारी बसून एकेक लावून घेतलं. चाची बांधावरून ओरडली, "अगं बाई, ही तर माळीणबाई झाली की!" तेव्हापासून दोघंही मला माळीणबाईच म्हणायला लागली.

त्याच दिवसांत शहरात उंदीर मरायला लागले.

गाठीचा रोग, म्हणजे प्लेग, आधीच्या वर्षीही आला होता, पण आमच्या गल्लीत शिरला नव्हता. या खेपेला शिमगा झाला आणि शेजारच्या घरातली सून गेली, मग तिची सासू. दरबारातून दवंडी फिरली की घरं सोडून बाहेर राहायला जा. माणसं बिछाने, भांडी डोक्यावर घेऊन निघाली. आज राजारामपुरीत जिथं दुकानं आणि दवाखाने आहेत तिथं तेव्हा नुसता माळ होता. शहरातली निम्मी माणसं त्या माळावर चटयांच्या आणि पाल्याच्या झोपड्या घालून राहिली. आम्हाला आणि चाचांना मात्र नदीकाठची पट्टी होती. वडिलांनी आणि चाचांनी मिळून उसाच्या पाल्याच्या दोन खोपी घातल्या, दोन पट्ट्यांच्या दोन टोकांना.

हे सांगायला बरं वाटत नाही, पण ते पहिले पंधरा दिवस मला फार सुखाचे गेले. शाळा आमच्यासारख्या मुलींना तशीही नव्हती, आणि आता गल्लीही नव्हती. सकाळी उठायचं, करवंटीनं प्रत्येक रोपाला पाणी घालायचं, मग ऊन चढायच्या आत पळसाची पानं रोपांवर टोप्यांसारखी उपडी ठेवायची, आणि दिवस कलला की काढायची. दोडक्याच्या कोवळ्या वेलांवर तांबडे किडे यायचे. चाची चुलीतली राख फडक्यात बांधून द्यायची आणि दव असेपर्यंत मी ती पानांवर झटकायचे. पानं पांढरी झाली की चाची म्हणायची, "बघ, सगळी म्हातारी झाली." समोर पन्हाळ्याचा डोंगर धुरकट दिसायचा. माझी रोपं एका बोटाची होती ती वितीएवढी झाली. शहरात रोज माणसं मरत होती हे मला ठाऊक होतं, पण तिकडं बघायला मी मान वळवत नव्हते.

चाचा एक दिवस शहरात गेले. त्यांच्या बंद घरात मिरचीच्या बियांचं मडकं राहिलं होतं. चाचीनं नको म्हणून सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं हळू आवाजात उत्तर दिलं, "बी न्हाय तर फुडच्या साली काय लावायचं?" सकाळी गेले ते दुपारी मडकं घेऊन परत आले. हसत होते. घरात मेलेला उंदीर नव्हता म्हणाले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी चाची एकटीच पाणी घालताना दिसली. दोन घागरी, एक डोक्यावर आणि एक कडेवर. मी विचारलं, "चाचा कुठं गेलं?" ती म्हणाली, "भाजी घेऊन गेल्यात वडगावच्या बाजाराला." पण त्यांच्या पट्टीत विकायजोगी भाजी अजून आलीच नव्हती. वांग्याला तेव्हा कुठं कळी धरत होती. आणि चाची ओरडून बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती नदीवर गेलेली असताना त्यांच्या खोपीतून मला हाक ऐकू आली. "पाणी." मी तांब्या घेऊन आत गेले. चाचा गोधडीवर पडले होते. डोळे लाल, ओठ फुटलेले. डावा पाय गुडघ्यात दुमडून पोटाशी घेतला होता. मी तांब्या तोंडाला लावला, त्यांनी दोन घोट घेतले, बाकीचं गळ्यावर सांडलं. "चाचा, पाय सरळ करा की," मी म्हटलं. त्यांनी प्रयत्न केला आणि कण्हले. तो आवाज मी कुणा माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मागून चाचीनं माझं मनगट धरलं आणि मला बाहेर ओढलं.

"बघितलंस?"

"व्हय."

"कुणाला बोलायचं न्हाय. तुझ्या आईला बी न्हाय. त्यास्नी उचलून माळावरच्या दवाखान्यात टाकत्यात. तिथनं कुणी परत आलेलं ऐकलंयस? माझी शपथ हाय तुला, माळीणबाई." तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

मी शपथ घेतली. त्या रात्री जेवले नाही. आईनं विचारलं तर पोट दुखतंय म्हटलं. धाकटा भाऊ आईच्या कुशीत चुरुचुरु दूध पीत होता, आणि पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की मी त्या खोपीत जाऊन आले आणि मग याला उचलून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दरबारचा डॉक्टर आला. बरोबर दोन शिपाई आणि वही घेतलेला एक कारकून. ते झोपडी-झोपडीनं तपासत यायचे. आमच्याकडं आईनं भाऊ दाखवला, मला दाखवलं. डॉक्टरांनी आमच्या काखा चाचपल्या. मग ते चाचीच्या दाराशी गेले. चाची खोपीच्या तोंडाशी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती.

"घरात कोण?"

"मी एकटीच. मालक वडगावला गेल्यात."

"आजारी कुणी?"

"कुणी न्हाय."

एक शिपाई आत डोकवायला गेला तर ती कडाडली, "बाईमाणूस एकटी हाय म्हणून आत शिरताय काय? माझी चूल हाय आत, पिराचा दिवा हाय!" शिपाई मागं सरला. डॉक्टरांनी कारकुनाला काहीतरी लिहायला सांगितलं आणि ते नदीच्या वाटेनं निघाले.

मी त्यांच्याआधीच नदीवर पळाले होते आणि पाण्यात पाय सोडून घागर भरत होते. डॉक्टर तोंड धुवायला तिथंच आले. तरुण माणूस होता, दमलेला. तोंडावर पाणी मारून त्यांनी उपरण्यानं पुसलं आणि माझ्याकडं बघितलं.

"ती टोप्या घातलेली रोपं तुझी का गं?"

"व्हय."

"छान जगवलीस. कुणी शिकवलं?"

मी घागर पुन्हा पाण्यात बुडवली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ते तिथंच वाळूत उकिडवे बसले. आवाज अगदी आमच्या वडिलांसारखा मऊ करून म्हणाले, "हे बघ बाळ. गाठ आलेला माणूस आमच्याकडं लवकर आला तर एखाद्या वेळी वाचतो. लोक लपवून ठेवतात. मग शेवटच्या घटकेला आणतात, आणि आम्ही मारला म्हणून बोंब मारतात."

माझी नजर खोपीकडं गेली. मी ती लगेच परत आणली, पण त्यांनी पाहिलं होतं.

मी का बोलले, याचा विचार मी पुढं आयुष्यभर केला. चाचा वाचावेत म्हणून बोलले, हे खरं आहे. भाऊ वाचावा म्हणून बोलले, हेही खरं आहे. आणि त्या शपथेचं ओझं रात्रभर पोटात धरून मी इतकी दमले होते की कुणीतरी ते काढून घ्यावं एवढंच वाटत होतं. यातलं आधी काय आणि मागून काय, ते मला तेव्हाही कळलं नाही, आताही सांगता येत नाही.

"चाचांचा पाय सरळ होत न्हाय," मी म्हटलं.

जांघेत गाठ आली की पाय दुमडतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. डॉक्टर उठले. मी घागर तशीच सोडून पाण्यात उभी राहिले. आधी चाचीचा आवाज आला, मग शिपायांचा. मग डोली निघाली. दोन बांबूंना कापड बांधलेली साधी डोली. ती आमच्या पट्टीच्या बांधावरूनच गेली. चाचांनी मान वळवली. मला वाटलं, ते मला काहीतरी बोलणार. ते माझ्याकडं बघतही नव्हते. रोपांकडं बघत पुटपुटत होते, "ऊन झालं की. पानं ठेवा. पानं ठेवा त्यांच्यावर."

चाची अनवाणी डोलीमागं चालत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

शिपायांनी खोपीवर रॉकेल ओतून काडी लावली. गोधडी, चूल, मिरचीच्या बियांचं मडकं, सगळं आत होतं. पाला वाळलेला, क्षणात भडकला. खोपीलगतच्या ओळीतली वांगी उष्णतेनं होरपळून काळी पडली. आई भावाला पदराखाली घेऊन लांब उभी होती. तिनं मला विचारलं नाही, पण माझ्याकडं एकदा बघितलं आणि तिला कळलं.

वडील दुसऱ्या दिवशी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते बैलांना पाणी दाखवत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी बराच वेळ बैलाच्या मानेवर हात फिरवला.

"आबा, मी चुकलो का?" मी विचारलं. आमच्याकडं मुलीही असंच बोलतात.

"मला कळत न्हाय पोरी," ते म्हणाले. "मी असतो तर काय केलं असतं, त्ये बी कळत न्हाय." मग थोड्या वेळानं, "त्यांची पट्टी मात्र वाळू द्यायची न्हाय."

त्या दिवसापासून मी दोन्ही पट्ट्यांना पाणी घातलं. आधी त्यांची, मग आमची. पहाटे उजाडायच्या सुमारास सुरुवात करायची आणि ऊन डोक्यावर यायच्या आत पानं ठेवायची. खांद्याची सालं निघाली. जळलेल्या ओळीच्या जागी आमच्या वाफ्यातली उरलेली रोपं लावली, पानाला धरून, ऊन उतरल्यावर. आई म्हणायची, "पुरे कर आता." मला पुरे करता येत नव्हतं. चाचा बरे होऊन येतील आणि पट्टी हिरवी बघतील, असं मी दर घागरीला स्वतःला सांगत होते.

पाचव्या दिवशी माळाकडून आलेल्या एका बागवानानं वडिलांना बातमी सांगितली. चाचा दवाखान्यात नेल्याच्या तिसऱ्या दिवशी गेले होते. चाचीला आत सोडलं नव्हतं. कुंपणाबाहेर ती तीन दिवस बसून होती. मयत दवाखान्याच्याच माणसांनी पुरली. तिला लांबून दाखवलं, तेवढंच. आणि ती आजाऱ्याजवळ राहिलेली, म्हणून आता तिलाही वेगळ्या झोपडीत दहा दिवस ठेवून घेतलं होतं.

मी ते ऐकलं आणि घागर घेऊन नदीवर गेले. दुसरं काय करायचं, मला सुचलं नाही.

चाची आली ती भर दुपारी. मी आधी तिला ओळखलंच नाही. हातात बांगड्या नव्हत्या, अंगावर कुणाचं तरी मोठं लुगडं. ती आपल्या पट्टीच्या बांधावर उभी राहिली. वांग्याची झाडं मांडीएवढी उंच होऊन जांभळ्या फुलांनी भरली होती. दोडक्याला बोटाएवढे दोडके लोंबत होते. ती बघत राहिली. आमची आई पुढं झाली, तिच्या गळ्यात पडून रडली. चाचीच्या डोळ्यात पाणी नव्हतं.

"पाणी कुणी घातलं?" तिनं विचारलं.

"हिनंच," आई म्हणाली.

चाचीनं माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा मनात ठरवलं होतं की ती आली की तिच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सांगून टाकायचं. तिनं मारावं, शिव्या द्याव्यात, नदीत ढकलून द्यावं. पण त्या नजरेपुढं माझे पाय उचललेच नाहीत. तिनं खाली बसून एका वांग्याच्या बुडातलं गवत उपटलं, मग दुसऱ्याच्या.

वडिलांनी तिला नवी खोप घालून दिली. ती पाऊस येईपर्यंत तिथंच राहिली. आमच्याशी तिचं येणंजाणं पूर्वीसारखंच होतं. भाऊ रडला की ती त्याला घ्यायची. पहिली वांगी निघाली तेव्हा तिनं पदर भरून आईला आणून दिली. माझ्यावर ती कधी रागावली नाही. पण माळीणबाई म्हणून तिनं मला पुन्हा हाक मारली नाही. काही हवं असलं तर "पोरी" म्हणायची, आणि बोलताना माझ्या खांद्यावरून पलीकडं नदीकडं बघायची. त्या वांग्यांची भाजी आईनं केली. मी एक घास तोंडात घातला आणि उठून बाहेर गेले.

मृगाच्या आधी तिचा भाऊ कबनूरहून बैलगाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. शहरात रोग थांबला होता, माणसं घरी परतत होती. आम्हीही परतलो. पुढच्या वर्षी शेजारची पट्टी दुसऱ्याच कुणाला तरी लागली.

माझं लग्न झालं, मुलं झाली. धाकटा भाऊ वाढला, वडिलांची गाडी हाकायला लागला. त्याला बघितलं की आई कधी कधी म्हणायची, "तू बोललीस म्हणून ह्यो राहिला असंल." मला त्यानं बरं वाटायला हवं होतं.

त्या उन्हाळ्यानंतर पंधराएक वर्षांनी एका नात्यातल्या लग्नाला इचलकरंजीला जाणं झालं. कबनूर तिथून हाकेच्या अंतरावर. कडेवर धाकटा मुलगा घेऊन मी चालत गेले आणि विचारत विचारत घर शोधलं. आत हातमागाचा खटखट आवाज चालला होता. ओसरीवर चाची सुताच्या कांड्या भरत बसली होती. केस सगळे पांढरे. तिनं वर बघितलं आणि चाक थांबवलं.

"आलीस व्हय," ती म्हणाली. जणू मी काल येणार होते.

मी बसले. तिनं मुलाला मांडीवर घेतलं, त्याच्या हातात रिकामी कांडी दिली. तिच्या भावजयीनं ताक आणून दिलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी एका दमात म्हटलं, "चाची, त्या दिवशी डॉक्टरला मीच सांगितलं."

"म्हाईत हाय मला."

"कधीपासनं?"

"त्याच दिवशीपासनं. डॉक्टर सरळ नदीवरनं परत आला. तिथं तुझ्याशिवाय हुतं कोण?"

"मग मला काय बोलली का न्हाईस?"

तिनं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काय बोलणार? पहिल्या दिवशी ताप आला तवाच मला वाटलं हुतं, नेऊ या. त्ये नको म्हटलं, मी बी नको म्हटलं. दोन दीस झाकून ठेवला. डॉक्टर दारात उभा हुता तवा बी तोंड उघडलं, आणि वडगावला गेल्यात म्हणून सांगितलं. जे मी करायचं त्ये अकरा वर्षांच्या पोरीनं केलं. तुझं तोंड दिसलं की मला त्योच इचार यायचा. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? म्हणून बघवत नव्हतं तुझ्याकडं."

"आणि नसतंच सांगितलं तर? निदान चाचा तुझ्या मांडीवर तरी गेलं असतं," मी म्हटलं.

"त्ये बी येतंय मनात," ती म्हणाली. "दोन्ही येतंय."

मी रडले. ती रडली नाही. आत माग थांबला होता, तिचा भाऊ ऐकत असावा. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला. निघताना ती फाट्यापर्यंत पोचवायला आली. दिवाळीत पोरं घेऊन ये म्हणाली. मी येते म्हणून सांगितलं.

त्या दिवाळीत मी बाळंतपणाला माहेरी होते. त्यापुढच्या वर्षी सासूचं दुखणं निघालं. मी गेले ते दोन वर्षांनी. भावजयीनं दारातच सांगितलं की चाची रमजानच्या महिन्यात गेली, झोपेतच, कुणाला तसदी न देता. कबर कुठं आहे म्हणून मी विचारलं. तिनं गावाबाहेरची कबरस्तानाची भिंत दाखवली. बायका आत जात नाहीत म्हणाली. मी रस्त्यावर उभी राहून भिंतीकडं बघितलं. ऊन चढायला लागलं तसा बरोबर आणलेला मुलगा किरकिर करू लागला, आणि मी त्याला कडेवर घेऊन परतीच्या वाटेला लागले.